शंभर चिंचोके आणि एक सही

माझ्या पर्समध्ये तीसेक वर्षं एक कापडी थैली असे आणि थैलीत मोजून शंभर चिंचोके. एकदा बसमध्ये पर्समधून रुमाल काढताना थैली सांडली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "या वयात पल्लांगुळी खेळता?" मी म्हटलं, "खेळत नाही, याच्यावर पगार घेते." त्या उठून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

पगाराचं खरंच होतं. मी कुंभकोणमच्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. आम्ही तंजावरी मराठी. मराठा राजांच्या वेळी पूर्वज इकडे आले, ते इकडचेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी ऐकली की पुण्याची माणसं कौतुकाने हसतात, म्हणून या लेखावरून तिथल्या माझ्या भाचीने हात फिरवला आहे. तिने बरंच खोडलं. चिंचोके तेवढे मी खोडू दिले नाहीत.

तर चिंचोक्यांचं असं. रक्तात पांढऱ्या पेशींच्या पाच जाती असतात. शंभर पेशींत कुठली जात किती, हे डॉक्टरांना हवं असतं. त्यावरून ताप कसला, ॲलर्जी आहे का, काही भलतंच तर नाही ना, याचा अंदाज येतो. त्यासाठी रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर म्हणजे स्लाइडवर पसरायचा, वाळवायचा, जांभळ्या रंगाने रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. आता डोळा मायक्रोस्कोपला लावलेला असताना पाच जातींचे पाच हिशेब डोक्यात कसे ठेवायचे? मला शिकवणाऱ्या सीतारामन सरांनी युक्ती काढली होती. शेजारी पल्लांगुळीचा लाकडी पट ठेवायचा, ज्याच्या खळग्यांत आमच्याकडच्या बायका चिंचोके टाकून खेळतात. पाच जातींना पाच खळगे. पेशी दिसली की न बघता तिच्या खळग्यात एक चिंचोका. थैली रिकामी झाली की शंभर भरले. सगळे आम्हाला हसत, पण आमचा आकडा कधी चुकत नसे.

माणसं तर काय एकेक येत! सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ राहुकाळ. उपाशीपोटी साखर तपासायची वेळ नेमकी तीच. सोमवारी अर्धं गाव बाकावर उपाशी बसून असे, पण नऊ वाजेपर्यंत दंड कोणी पुढे करत नसे. मरुदानल्लूरचे एक भजनीबुवा सुई टोचताना डोळे मिटून मोठ्याने नामस्मरण सुरू करत आणि रक्त काढून झालं तरी थांबत नसत. मागच्यांनी टाळ्या धरायच्या, मी कापूस धरायचा. चोळपुरमच्या एका आजीने मला बजावलं होतं, "लॅब अम्मा, थोडंच घे हां. मला अजून दोन नातींची लग्नं बघायची आहेत." मी त्यांच्यासमोर नळी अर्धीच भरली आणि त्यांनी मला आशीर्वाद दिला.

लॅब अम्मा. माझं नाव सरोजा, पण हे नाव घरात आमच्या ह्यांनासुद्धा आठवतं की नाही, शंकाच आहे. बाजारात, देवळात, तलावाच्या पायऱ्यांवर, सगळीकडे मी लॅब अम्मा. रिपोर्ट मी हाताने लिहायची आणि खाली सही करायची. मोठे डॉक्टर आकडा बघण्याआधी सही बघत. माझी सही असली की दुसऱ्यांदा तपासा म्हणत नसत. मला याचा गर्व होता. होता म्हणजे काय, चांगला घसघशीत होता.

मग मशीन आलं. आकाराने आमच्या घरच्या इडलीच्या ग्राइंडरएवढं. नळी आत सरकवली की मिनिटभरात वीस-पंचवीस आकडे कागदावर. मला एका स्लाइडला दहा मिनिटं लागायची. मशीनसोबत आल्या डॉक्टर नसरीन, आमच्या नव्या पॅथॉलॉजिस्ट, माझ्या मुलीच्या वयाच्या. मला 'अक्का' म्हणायच्या, गोड बोलायच्या, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी पल्लांगुळीचा पट कपाटावर ठेवून दिला. "अक्का, हात मोकळे ठेवा आता. मशीनला काही शंका आली तर ते रिपोर्टवर चांदणी छापतं. त्याच स्लाइड बघायच्या."

पट गेला त्याचं एवढं नाही वाटलं. खरं लागलं ते छापील कागदाच्या तळाच्या ओळीने: 'हा संगणकाने तयार केलेला रिपोर्ट आहे. सहीची आवश्यकता नाही.'

तो कागद मी घरी आणून ह्यांना दाखवला. हे शाळामास्तर, निवृत्त. वाचून म्हणाले, "बरं झालं गे. हात दुखायचा तुझा."

"माझा हात दुखतो म्हणून मी कधी बोलले?"

"मग रडतेस का?"

खरंच, मी रडत होते. मला तोवर कळलंच नव्हतं. त्यांनी काफी करून आणली, तीही इतकी गोड की पिववेना, पण मी प्यायले.

त्या वर्षी आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, दरवर्षीप्रमाणे आम्ही लॅब धुतली, फुलं आणली. मी मायक्रोस्कोपला गंध-कुंकू लावलं, सुयांच्या डब्याला लावलं, दाराच्या कडीला लावलं. मशीनला लावायला 'विसरले'. डॉक्टर नसरीननी बघितलं. त्या नुसत्या हसल्या.

मी मनातल्या मनात त्या मशीनशी भांडत होते. जेवणाच्या सुट्टीत त्याने केलेल्या नमुन्यांच्या स्लाइड मी काढून बघायची. म्हटलं, कधीतरी सापडशील बेट्या! महिने गेले. सापडेना. त्याचे आकडे आणि माझे आकडे जुळत राहिले. जुळले की मला आनंद व्हायला हवा होता. मी खट्टू व्हायची.

आणि एक दिवस ते सापडलं. तिरुभुवनम्‌चा एक रेशमाचा विणकर, कण्णप्पन, हर्नियाच्या ऑपरेशनला आला होता. दोन ठिकाणांहून परत पाठवलेला. कारण त्याच्या रक्तात प्लेटलेट कमी. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणारे बारीक कण. ते कमी असले तर ऑपरेशनमध्ये रक्त थांबणार नाही. आमच्या मशीननेही तेच सांगितलं, अठ्ठावीस हजार, असायला हव्यात दीड लाखाच्या वर. बाजूला चांदणी. कण्णप्पन बाकावर बसला होता, बायको वसंता त्याला वारा घालत होती. माणूस धडधाकट, अंगावर एक लाल ठिपका नाही, हिरड्या स्वच्छ. मला काही पटेना.

मी स्लाइड केली आणि बघते तो काय, प्लेटलेट भरपूर, पण एकमेकींना चिकटून घोस झालेले! जांभळ्या टोपीच्या नळीत रक्त पातळ ठेवायला जे औषध असतं, त्याने क्वचित कोणाच्या प्लेटलेट अशा चिकटतात. मशीन घोसाला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. मी निळ्या टोपीच्या नळीत, म्हणजे दुसऱ्या औषधात, पुन्हा रक्त घेतलं आणि लगेच मोजलं. दोन लाख दहा हजार. त्याचं ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी तो घरी गेला.

मग काय विचारता! 'लॅब अम्माने मशीनला हरवलं' ही गोष्ट तिरुभुवनम्‌च्या घराघरांत पोचली. वसंता मला केळीचा अख्खा घड घेऊन भेटायला आली. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं असं मी म्हणणार नाही. शिडी लावून मी स्वतःच चढले.

पुढची गोष्ट लिहायला मी पंधरा दिवस लावले. भाची म्हणाली, नको लिहूस, दिवाळी अंकात कशाला? पण ती गाळली तर बाकी सगळ्या नुसत्या बढाया उरतात.

पुढच्या वर्षी ऐप्पसीत, म्हणजे दिवाळीच्याच महिन्यात, तापाची साथ होती. बाहेर रांग दारापासून औषधाच्या दुकानापर्यंत. वसंताला चार दिवस ताप होता. कण्णप्पन तिला घेऊन आला. मशीन म्हणालं, प्लेटलेट एकोणीस हजार. आणि चांदणी.

कण्णप्पन हसला. "तुमच्या मशीनचा आमच्या घरावर राग आहे, लॅब अम्मा. ते राहू द्या, तुम्ही बघून सांगा."

तुम्ही बघून सांगा. दीड वर्ष मी हे ऐकायला थांबले होते.

डॉक्टर नसरीन त्या दिवशी तंजावूरला गेल्या होत्या. मी स्लाइड केली, रंगवली, बघितली. जांभळे बारीक कण, घोसाघोसाने. मी म्हटलं, आहे! नवऱ्यासारखंच. निळ्या टोपीच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायला हवं होतं, नियम मला पाठ होता. पण वसंताची शीर सापडत नव्हती, दोनदा टोचून झालं होतं, ती ग्लानीत होती. म्हटलं, कशाला बिचारीला पुन्हा सुई? मी पेन घेतलं आणि छापील आकड्यावर काट मारून लिहिलं, 'प्लेटलेट पुरेशा आहेत, गुठळ्यांमुळे मशीनचा आकडा चुकीचा.' आणि खाली, जिथे सहीची आवश्यकता नव्हती तिथे, सही केली. तापाच्या डॉक्टरांनी माझी सही बघितली, गोळ्या दिल्या आणि वसंताला घरी पाठवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला रिक्षातून आणलं. हिरड्यांतून रक्त, पायांवर लाल ठिपके. मशीन म्हणालं, नऊ हजार.

आमच्याकडे स्लाइड सात दिवस लाकडी पेटीत ठेवतात. डॉक्टर नसरीननी तिची जुनी स्लाइड काढली, मायक्रोस्कोपला लावली, बघितली. मग खुर्ची सोडून उठल्या. "अक्का, एकदा बघता?" आवाज अगदी हळू होता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

मी डोळा लावला. तेच जांभळे कण. मी म्हटलं, "घोस आहेत की."

"फोकस जरा हलवा."

मी हलवला. पुन्हा हलवला. कण पेशींबरोबर नव्हते. पेशी पुसट झाल्या तेव्हा कण स्पष्ट झाले. ते पेशींच्या वर बसले होते. म्हणजे त्या प्लेटलेट नव्हत्याच. तो रंगाचा गाळ होता. लॅबमध्ये तयार रंगाच्या बाटल्या आल्या होत्या, पण मी माझाच घोटलेला, मुरवलेला रंग वापरायची. बाजारच्या रंगाला नाकं मुरडायची. आणि त्या दिवशी रांगेच्या घाईत मी तो गाळला नव्हता. शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या दिवशी हेच सांगायची, "फोकस हलवा. वर तरंगतो तो रंग, पेशीबरोबर राहते ती प्लेटलेट." आणि मी स्वतः हलवला नव्हता, कारण मला जे बघायचं होतं ते दिसलं होतं.

डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात होती, तेही पुढे कळलं. पण चूक मोतीबिंदूवर ढकलली तर तो अन्याय होईल. ती माझी होती.

डॉक्टर नसरीननी तापाच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, उपचार सुरू झाले. घरच्यांना कोणी काय सांगायचं यावर कोणी काही बोलेना. मीच वॉर्डात गेले. कण्णप्पन मला बघून उठला, हात जोडले. "तुम्ही आलात, आता काळजी नाही."

मी म्हटलं, "कण्णप्पा, मशीन बरोबर होतं. मी चुकीचं बघितलं. माझ्यामुळे तिला घरी पाठवलं."

त्याने जोडलेले हात सोडले. मग बाहेर व्हरांड्यात गेला. मी वसंताच्या खाटेशी उभी राहिले. तिचे डोळे मिटलेले होते. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

चार दिवस कण्णप्पन माझ्याशी बोलला नाही. मी समोरून आले तर तो मान फिरवायचा. त्याचा हक्कच होता तो. मी घरी जेवत नव्हते. हे म्हणाले, "काय गे, राजीनामा देणार?" मी म्हटलं, देणार. लिहूनही ठेवला. हे म्हणाले, "दे. पण ती बाई बरी होऊन घरी जाईपर्यंत थांब. मधेच पळालीस तर ती दुसरी चूक." शाळामास्तर आहेत, चुका मोजायची सवय जात नाही.

त्या दिवसांत मी वसंताचं रक्त रोज सकाळी स्वतः घेतलं. मशीनला दिलं. रंग दोनदा गाळून स्लाइड केली, बघितली, फोकस हलवून हलवून बघितली. नऊ हजार, मग बारा. एक दिवस पुन्हा दहा. त्या दिवशी मी कुंभेश्वराच्या देवळात नुसती बसून राहिले, मागणं मागायचंही सुचलं नाही. मग बावीस. मग पंचेचाळीस. माझा अंदाज आणि मशीनचा आकडा जुळला की आता मला रडू यायचं, पण ते वेगळं. मशीन माझ्याशी भांडत नव्हतंच कधी. भांडत मी एकटीच होते.

प्लेटलेट लाखाच्या वर गेल्या तेव्हा तिला घरी सोडायचं ठरलं. ती चालत लॅबच्या खिडकीशी आली, अशक्त, पण केसांत मोगरा माळलेला. मी छापील रिपोर्ट दिला. तिने तो खालपासून वरपर्यंत बघितला. तिला वाचायला फारसं येत नव्हतं, पण आधीच्या रिपोर्टवर माझी सही कुठे होती ते तिला माहीत होतं.

"यात तुमची सही कुठे आहे?"

"मशीनचा रिपोर्ट आहे, वसंता. सही लागत नाही."

"मला लागते."

"माझ्या सहीनेच तू मरायला टेकली होतीस!" मी जरा ओरडलेच. रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी खाटेवर ऐकलं मी. म्हणून तर म्हणते. आता तुम्ही डोळ्यांत एरंडेल घालून बघणार. बघितलंय ना हे?"

मराठीत डोळ्यांत तेल घालतात, तमिळमध्ये एरंडेलच लागतं. मी म्हटलं, "बघितलंय. दोनदा."

"मग लिहा तसं."

माझ्या हाताला पेन सापडेना. तिच्या मागे कण्णप्पन उभा होता, भिंतीकडे बघत. त्याने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि खिडकीतून आत सरकवलं.

मी लिहिलं, 'स्लाइड पाहिली.' आणि खाली सही केली. राजीनाम्याचा कागद घरी जाऊन मी फाडला.

डॉक्टर नसरीननी हे सगळं आतून पाहिलं होतं. आठवड्याभरात त्यांनी एक रबरी शिक्का करून आणला: 'स्लाइड पाहिली', पुढे आद्याक्षरांपुरती जागा. चांदणी असलेल्या, आणि काही शंका असलेल्या प्रत्येक रिपोर्टवर तो मारायचा आणि बघणाऱ्याने खाली आद्याक्षरं लिहायची. माझा घोटलेला रंग मी त्याच दिवशी मोरीत ओतला. पुढच्या आयुधपूजेला मशीनला मी स्वतः गंध लावलं, आणि फूल वाहिलं ते आमच्या परड्यातलं. पल्लांगुळीचा पट कपाटावरून खाली आला. नव्या मुलींना पेशींच्या जाती ओळखायला शिकवताना डॉक्टर नसरीन अजून तोच वापरतात. चिंचोके मी निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या हाती मोजून दिले. नव्व्याण्णव भरले. एक बहुधा त्या बसमध्येच राहिला असावा, म्हणजे माझे कितीतरी शंभर नव्व्याण्णवच होते! डॉक्टर नसरीन पोट धरून हसल्या. मी आधी लाजले, मग मीही हसले.

यंदा माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याआधी रक्त तपासायला मी ह्यांना घेऊन त्याच बाकावर जाऊन बसले. रक्त घेणारी मुलगी नवी होती, तिने मला ओळखलं नाही. नाव विचारलं, मी सांगितलं, सरोजा बाई. तिने शीर एका झटक्यात शोधली, मला दुखलंही नाही. तासाभराने कागद हातात आला. माझ्या आकड्यांपाशी चांदणी होती. मी घाबरून कागद लांब धरला, जवळ धरला. आकडे मला पुसट दिसत होते, त्यासाठीच तर ऑपरेशन होतं. पण तळाशी निळा शिक्का होता, आणि शिक्क्यापुढे शाईने काढलेली दोन अक्षरं.

ती कोणाची, मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, जिथे पूर्वी चिंचोके असायचे तिथे, आणि ह्यांना म्हटलं, "चला घरी. कोणीतरी बघितलंय माझं रक्त."